नातीच्या अंबाड्यात चायना ग्रास

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. माझी नात आशियातल्या देशांच्या स्पर्धेत आपल्या देशाकडून पोहायला उतरली. झेंडे, परीक्षक, कॅमेरे, सगळं साग्रसंगीत. आणि तिच्या केसांना लावायचं जिलेटीन मी चार दिवस आधीच शहाळ्याच्या पुडिंगात घालून पाहुण्यांना खायला घातलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी रिकाम्या बरणीत चायना ग्रास दळून भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी तिच्या बॅगेत होती तशी ठेवून दिली. कुणाला काही न सांगता.

'तेव्हा मी लहान होते' असं म्हणायची सोय नाही. साठी उलटून गेली होती. पण आता सत्तरीच्या पलीकडून मागे बघते तेव्हा ती बाई मला चांगलीच उनाड दिसते. आपल्याला स्वयंपाकातलं सगळं कळतं, म्हणजे जगातलं सगळंच कळतं, अशी तिची पक्की समजूत. आज ती समोर आली तर मी तिला पाटावर बसवीन आणि म्हणेन, बाई गं, दुसऱ्याच्या बरणीला हात लावण्याआधी एकदा तरी विचारावं.

आता जिलेटीनचा आणि पोहण्याचा काय संबंध, हे सांगायला हवं. मलाही ते उशिराच कळलं होतं. सिंक्रोनाइझ्ड स्विमिंग म्हणजे गाण्याच्या तालावर पाण्यात केलेला नाच. आजकाल त्याला आर्टिस्टिक स्विमिंग म्हणतात. दोघी असोत नाहीतर आठजणी, सगळ्यांचे हात एका क्षणी वर, पाय एका क्षणी वर, आणि तळाला पाय टेकवायचा नाही. डोळ्यांना चष्मा नाही, डोक्याला टोपी नाही, फक्त नाकाला एक चिमटा. मग केस सुटू नयेत म्हणून त्यांचा घट्ट अंबाडा बांधतात आणि वरून गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटीन ब्रशने थापतात. ते वाळलं की डोकं असं चकचकीत आणि टणक होतं, जणू वर काळा वाडगा पालथा घातलाय. तलावाचं पाणी गार असतं, त्यात ते सुटत नाही. उतरवायचं तर कढत पाण्याखालीच उभं राहावं लागतं.

नातीने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे जेलीत घालतात तेच?"

"तेच गं आजी. गोड पदार्थांत घालतात तेच."

हे तिचं वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. नको इतकं नीट.

आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या अलीकडे, खाडी दिसेल इतकं जवळ. घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या पाण्यावर. माझा मुलगा मोठ्या जहाजावर आहे, सहा-सहा महिने दिसत नाही. सून मिरजोळ्याला एमआयडीसीत नोकरीला. त्यामुळे नातीला गावातल्या तलावावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे ती बाकीच्या पोरांसारखी सरळ पोहायची सोडून डोकं खाली, पाय वर करून उभी राहायची. पाण्याबाहेर नुसते दोन पाय. मी काठावरून ओरडायची, "अगो, वर ये! देवाने डोकं कशाला दिलंय?" ती वर यायची, नाकातलं पाणी शिंकरायची, हसायची आणि पुन्हा उलटी व्हायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी ते पाय पाहिले आणि आम्हाला सांगितलं, हिला पुण्याला पाठवा, तिथे हा खेळ शिकवतात. सातवीनंतर ती पुण्याला गेली. माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायची, पहाटे उठून तलावावर जायची, मग शाळा, मग पुन्हा तलाव.

मी तिला कायम सांगत आले होते की पोहणं तिच्या रक्तात माझ्याकडून आलंय. मी लहानपणी खाडी पोहून पार करायचे, असं मी लग्नात सासरच्या माणसांनाही सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. आता खरं सांगते. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले, नारळ शेंडीला शेंडी बांधून पोटाखाली देतात. ते तरंगतात, त्यांच्या जिवावर पोरही तरंगतं. बाकीची पोरं आठवड्याभरात नारळ सोडायची. मी ते नारळ दोन पावसाळे सोडले नाहीत. आणि खाडी पार केली ती होडीतून. एक हात मात्र सगळा वेळ पाण्यात होता.

तर, स्पर्धा. नात तोवर अठरा वर्षांची झाली होती. जोडीच्या प्रकारात देशाकडून दोघीजणी उतरतात आणि तिसरी राखीव असते. ही आधीच्या दोन स्पर्धांना राखीव म्हणून जाऊन आली होती. म्हणजे केस बांधायचे, पोशाख घालायचा, ओठ रंगवायचे, आणि काठावर बसून टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या खेपेला परत आली तेव्हा तिने मला फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत ती हसत होती. मग फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "आजी, मी कोरडीच परत आले गं."

मी उठून तेलाची वाटी आणली आणि तिच्या केसांना तेल लावायला बसले.

या खेपेला तिला जोडीत घेतलं होतं. जोडीदारीण ईशान्येकडची, आणि तिच्याहून अनुभवी. पण त्यांच्या मॅडमनी, म्हणजे प्रशिक्षक बाईंनी, साफ सांगितलं होतं. पहिल्या दिवशी प्राथमिक फेरी, दुसऱ्या दिवशी अंतिम. पहिल्या दिवशी नीट झालं तर अंतिम फेरीतही हीच. नाहीतर दुसऱ्या दिवशी राखीव मुलगी उतरेल. ती मुलगी तयारच होती. तिचीही काही चूक नव्हती. माझी नात दोन वर्षं जिथे बसली होती तिथे ती बसली होती.

स्पर्धेआधीचं शिबिर संपलं आणि मुलींना थोडे दिवस घरी सोडलं. नात रत्नागिरीला आली. आल्या दिवसापासून घरापुढच्या खळ्यात तिचं सुरू झालं. पाण्यात जे करायचं ते सगळं आधी कोरड्या जमिनीवर हातांनी करून बघतात, आकडे मोजत. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. पायांचं कामही हातांनीच दाखवायचं. पण जोडी म्हटली की समोर कुणीतरी हवं. सून सकाळी कामाला जायची. मग उरलं कोण?

"आजी, तू उभी राहा. काही करायचं नाही. मी करते तसं उलट्या बाजूने कर."

"काही करायचं नाही, आणि उलट्या बाजूने करायचं?"

"सहाला उजवा हात वर. सातला मान. आठला वळायचं."

मी पदर खोचला. फोनवर गाणं लागलं. मी गाणं ऐकत बसले आणि हात आठला वर गेला.

"आजी, सहाला!"

"सहा झालेच कधी? मला अजून पाचच ऐकू येतायत."

"गाणं नाही ऐकायचं गं. आकडे मोजायचे. पाण्याखाली गाणं कधी नीट येतं, कधी नाही. आकडे आपले आपल्याकडे असतात."

तेवढ्यात आमची नेहमीची मासेवाली गेटात येऊन उभी राहिली. डोक्यावरची पाटी तशीच, तोंड उघडं. आजी आणि नात समोरासमोर उभ्या, दोघींचे हात हवेत, दोघींच्या माना एका बाजूला.

"काय ओ काकी, अंगात आलं काय?"

"हो गो. सुरमई दे, म्हणजे उतरेल."

ती सुरमई देऊन गेली, पण दुसऱ्या दिवशी थोडी लवकरच आली आणि पाटी उतरवून पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी तीच मला ओरडायला लागली, "काकी, हात! हात!" तिला आकडे माझ्याआधी पाठ झाले.

त्या दिवसांत मी पोरीकडे फार जवळून पाहिलं. खांदे गवंड्यासारखे रुंद झाले होते. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. नाकावर चिमट्याचा वळ. मी तिला विचारलं, पाण्यात उभी कशी राहतेस गं, खाली टेकायचं नाही तर? तिने खुर्चीवर बसून दोन्ही पाय गुडघ्यातून फिरवून दाखवले, एक असा, एक तसा, ताकात रवी फिरते तसे, न थांबता. कंबरेच्या वर सगळं हसरं आणि शांत, खाली ही घुसळण. मी म्हटलं, हे तर बायकांचं रोजचंच आहे. ती म्हणाली, "आजी, म्हणूनच हा खेळ आधी बायकांनीच खेळला असेल."

आता पुडिंगाकडे येते. टाळून किती टाळणार?

तिच्या निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या थोरल्या जाऊबाई दोन सुनांना घेऊन, आगाऊ फोन न करता, पोरीला आशीर्वाद द्यायला आल्या. जाऊबाई आल्या म्हणजे शहाळ्याचं पुडिंग व्हायलाच हवं. ते माझं. गावात ते माझ्या नावावर आहे. शहाळ्याचं पाणी, कोवळी मलई, दूध, साखर, आणि गोठवायला चायना ग्रास. गॅसवर सगळं तयार झालं आणि डबा उघडते तर चायना ग्रासच्या दोन काड्या. बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, "काय गो, यंदा पुडिंगाला सुट्टी काय?"

ते 'सुट्टी' मला लागलं. मी नातीच्या खोलीत गेले. ती मैत्रिणींना भेटायला भाट्याच्या किनाऱ्यावर गेली होती. बॅग उघडीच होती आणि वरच जिलेटीनची बरणी. 'गोड पदार्थांत घालतात तेच.' तिनेच सांगितलं होतं. मी बरणी रिकामी केली.

पुडिंग झालं. जरा जास्तच झालं. चमचा लावला की डुलायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. जाऊबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या. संध्याकाळी नातीनेही खाल्लं आणि म्हणाली, "आज जरा रबरी झालंय का गं?"

"तुझ्या दातांनाच सवय राहिली नाही," मी म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. जिलेटीन हाडांपासून करतात. हे मला नंतर कळलं. जाऊबाईंचा तो गुरुवार होता आणि गुरुवारी त्या मासळीचा वासही घरात येऊ देत नाहीत. मी त्यांना आजपर्यंत हे सांगितलेलं नाही. हे छापून आलं की त्यांना कळेल. मग दत्तमहाराजांकडे माझी बाजू कोण मांडेल कोण जाणे.

सकाळी उठून मी बाजारातून चायना ग्रास आणलं, मिक्सरला बारीक दळलं आणि बरणी भरली. माझा हिशेब सोपा होता. दोन्ही गरम पाण्यात घालतात, दोन्ही गोठतात, दोन्हीने पुडिंग होतं. एकाला साहेबी नाव, दुसऱ्याला चिनी नाव, बाकी काय फरक? आणि निघायच्या दिवशी पोरीला उगाच घोर कशाला लावा. असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला ओरडा खायचा नव्हता.

नात संघाबरोबर पुढे गेली. सून आणि मी दोन दिवसांनी गाडीने गेलो. परराज्यातलं मोठं शहर, आमची उतरायची जागा वेगळी, मुलींची वेगळी. प्राथमिक फेरीच्या सकाळी सुनेचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर लावला.

"आई, आज जिलेटीन नीट विरघळतच नाहीये. गुठळ्या होतायत. आणि ब्रश डोक्यापर्यंत नेईस्तोवर गोठतंय."

"पाणी आणखी गरम घे ना," सून म्हणाली.

मी चहा पीत होते. कप खाली ठेवला. चायना ग्रास नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, ते उकळावं लागतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी फोन ओढून घेतला.

"उकळ गो त्याला! चांगलं खळखळून उकळ, आणि ढवळत राहा, हात थांबवू नको. तळाशी लागतं."

पलीकडे ब्रश ठेवल्याचा आवाज आला.

"आजी, हे पुडिंग नाहीये," नात म्हणाली. मग म्हणाली, "बरं, किटलीत उकळून बघते. ठेवते."

तेव्हा तरी सांगायचं की नाही? तेव्हा सांगितलं असतं तर जोडीदारणीकडून घेता आलं असतं. पण ती साठीतली बाई काय म्हणाली असेल मनाशी? 'उकळलं की होईल. माझं कधी फसलंय का?' असं म्हणून तिने उरलेला चहा प्यायला. बिस्कीट बुडवून.

तलाव बघून मी दिपले. निळं, स्वच्छ, तळापर्यंत दिसणारं पाणी. दोन्ही बाजूंना उंच खुर्च्यांवर परीक्षक. एक मोठा पडदा, त्यावर पोहणाऱ्यांचे चेहरे जवळून दिसायचे. आधी जपानच्या दोघी आल्या. त्यांना बघून मी सुनेला म्हटलं, या दोघी नाहीत, एकीचंच प्रतिबिंब पडलंय. मग चीनच्या. मग आमचं नाव पुकारलं. आमचं म्हणजे देशाचं, पण मला आमच्या खळ्याचंच वाटलं.

दोघी चालत आल्या, पाय ताणून, हनुवटी वर. पोशाखावर मोराच्या पिसाऱ्याची नक्षी. नातीचं डोकं चकचकत होतं. मी म्हटलं, बघा, जमलं की! सून म्हणाली, "काय जमलं?" मी म्हटलं, "काही नाही."

गाणं सुरू झालं. दोघी पाण्यात शिरल्या ते पाणी उडालंच नाही. पहिले पाय वर आले. चार पाय, पण दोनच वाटत होते. मी मांडीवर बोटांनी मोजायला लागले. सहाला हात, सातला मान, आठला वळण. सगळं खळ्यातलं, फक्त माझ्या जागी जिला खरोखर येतं अशी मुलगी.

मग त्या दोघी खाली गेल्या आणि वर आल्या तेव्हा पडद्यावर नातीचा चेहरा आला. तिच्या भुवईवर काहीतरी चिकटलं होतं. पांढुरकं, पातळ, लिबलिबीत. कपाळाच्या कडेने त्याचे पापुद्रे सुटत होते. सून पुढे वाकली. "आई, तिच्या केसांना काय झालं?"

बाकी कुणाला ते काय आहे हे कळलं नसेल. जगभरातल्या कुणालाही कळलं नसेल. मी चाळीस वर्षं ते थाळीतून चमच्याने काढत आले होते. माझ्या हातातला पदराचा शेव तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मागचा अंबाडा टिकला. तिथे जोडीदारणीने स्वतःचं उरलेलं थोडं जिलेटीन लावून दिलं होतं, पुढे ते पुरलं नाही, हे नंतर समजलं. पण पुढचे केस सगळे सुटले. पुढच्या गोत्यानंतर ती वर आली तेव्हा ते ओले केस पडदा सोडल्यासारखे तिच्या डोळ्यांवर होते. हाताने सारायचे नाहीत. हात गाण्याचे असतात, आपले नसतात. आणि पुढे त्यांची सगळ्यात अवघड करामत होती. कुठल्या करामती करणार हे आधी लिहून द्यावं लागतं, आणि त्यातली एक जरी चुकली तरी तिचे गुण जवळजवळ गेलेच. दोघींनी उलटं होऊन, एक पाय सरळ वर, दुसरा दुमडलेला, गोल फिरत फिरत खाली जायचं, आणि एकीच्या तळव्याची दिशा दुसरीच्या तळव्याशी जुळली पाहिजे. जोडीदारणीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बघत ते करतात. नातीला तर काहीच दिसत नव्हतं.

दोघी उलट्या झाल्या. मी मोजत होते. मोठ्याने मोजत होते, हे सून नंतर म्हणाली; पुढच्या रांगेतल्या परदेशी बाईने मागे वळून बघितलं म्हणे. एक. दोन. पाय फिरायला लागले. तीन. चार. दोन्ही तळवे एकाच बाजूला. पाच. सहा. पोटरीपर्यंत, घोट्यापर्यंत, बोटांपर्यंत. सात. आठ. पाणी मिटलं. वर दोन छोटी वर्तुळं राहिली, एकाच मापाची.

मी रडले वगैरे नाही. मी शिट्टी वाजवली. दोन बोटं तोंडात घालून. सुनेने मला आजवर कधी शिट्टी वाजवताना पाहिलं नव्हतं. तिला वाटलं मला काहीतरी झालं.

शेवटची पोज झाली आणि दोघी काठावर चढल्या. नातीचे केस नाकापर्यंत आले होते आणि त्याखाली ती हसत होती. अशी हसत होती की फक्त दात दिसत होते. गुण येईपर्यंत पोहणाऱ्यांना प्रशिक्षकांबरोबर एका बाकावर बसवतात. तो बाक पडद्यावर दिसतो. मॅडमचा चेहरा दगडासारखा. त्या नातीच्या कपाळाला बोट लावून, बोट डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. मग गुण आले. पदकाच्या आसपासही नव्हते, खोटं कशाला सांगू. पण अंतिम फेरीत जाणाऱ्यांत आमची जोडी शेवटून दुसरी होती. आमची जोडी, त्या पाण्यात, त्या यादीत! सून टाळ्या वाजवत होती आणि मी पायऱ्या उतरायला लागले होते.

कपडे बदलायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेवर दोरी लावली होती. पलीकडे मॅडम आणि नात उभ्या होत्या. मॅडम पुण्याच्या, बारीक, उंच, आवाज अजिबात न चढवता बोलणाऱ्या.

"आपलं सामान आपण तपासायचं, हा नियम मी किती वेळा सांगितलाय? आज केस, उद्या काय? राखीव मुलगी रोज तीन तास सराव करते. तिला मी काय सांगू?"

"सॉरी मॅडम," नात म्हणाली. तिला तर ठाऊकच नव्हतं काय झालंय ते.

मी दोरीखालून वाकून पलीकडे गेले. गुडघा कटकन वाजला. दोरीपाशी राखणीला असलेला एक माणूस "मॅडम, मॅडम" करत माझ्यामागे आला. मी त्याला म्हटलं, थांब रे बाबा, मला गुन्हा कबूल करायचाय. तो खरंच थांबला.

"मॅडम, हिला बोलू नका. ते जिलेटीन नव्हतंच. चायना ग्रास होतं. जिलेटीन मी पुडिंगात घातलं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. नातीनेही बघितलं. तिच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

"कसल्या पुडिंगात?" मॅडम म्हणाल्या.

"शहाळ्याच्या. जाऊबाई आल्या होत्या." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येत नाही. "आणि बरणी मीच भरली. आणि सकाळी फोनवर उकळ म्हणून मीच सांगितलं. आणि मी सांगितलं नाही, कारण मी घाबरले. हिची काही चूक नाही. शिक्षा करायची तर मला करा. मी परत जाते घरी. पण हिला काठावर नका बसवू. ती दोनदा बसलीय."

नातीने तोंड हातांनी झाकलं. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. मग बोटांच्या फटीतून आवाज आला तेव्हा कळलं की ती हसतेय. "रबरी!" ती म्हणाली. "तरीच रबरी झालं होतं!" सून तोवर दोरीपाशी पोचली होती आणि "आई, अहो आई," एवढंच म्हणत होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नातीच्या डोळ्यांवरचे केस दोन बोटांनी बाजूला केले.

"हे कधी सुटले?"

"दुसऱ्या गोत्यानंतर."

"म्हणजे त्यानंतरचं सगळं न बघता?"

"हो मॅडम."

"ते फिरणंसुद्धा?"

"हो. नुसतं मोजत होते."

मॅडमच्या नजरेत जे कौतुक होतं ते मी ओळखलं, कारण माझ्याही डोळ्यांत तेच होतं. मग त्यांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला, तिला आत जायला खूण केली आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नव्हता. त्या मला जे म्हणाल्या ते शब्द न शब्द मला पाठ आहे:

"आजी, माझ्याकडच्या मुलींपैकी कुणी डोळे झाकून इतकं नीट पोहू शकते, हे मला आज कळलं. उद्या फायनलला हीच उतरणार. तुम्ही मात्र उद्या ती पाण्यात उतरेपर्यंत कुठल्याही बरणीला, पातेल्याला आणि फोनला हात लावायचा नाही."